पारा शून्य

इंग्रजी बोलणाऱ्या माणसांची एक खोड आहे. राग आला तरी ती सरळ शिवी देत नाहीत. शिवीला आधी आंघोळ घालतात, भांग पाडतात आणि मग चारचौघांत सोडतात. 'डॅम' म्हणायचं तिथे 'डार्न' म्हणतात, 'हेल'च्या जागी 'हेक' आणतात, देवाला मध्ये ओढायला नको म्हणून 'गॉश' नावाचा कुणी तिऱ्हाईत उभा करतात. एका महाभयंकर शब्दाला तर त्यांनी चक्क 'फज' या मिठाईचं नाव दिलंय. ज्यांना हे आईच्या मांडीवर कळलं त्यांचं ठीक आहे. पण ज्यांनी इंग्रजी खडू-फळ्यावर शिकली, त्यांनी कुणाकडे जावं?

त्यांनी बाईंकडे जावं. चौथ्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या त्या खोलीत अकरा माणसं कानाला हेडफोन लावून बसायची, आणि कुणाचं काही अडलं की खुर्ची ढकलत बाईंच्या टेबलाशी यायची. बाईंनी सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवली होती. निवृत्त झाल्यावर सहा महिने घरी बसल्या, तेव्हा सून रोज म्हणायची, "आई, तुम्ही आता आराम करा." सून बिचारी मनापासून म्हणायची, पण आराम हा शब्द बाईंना शिवीसारखा लागायचा. जाहिरात वाचून त्या इथे आल्या आणि चार वर्षांत या खोलीच्या बाई झाल्या. नाव कुणी विचारलंही नाही.

काम असं होतं. दूर देशात एक कंपनी घरं गरम ठेवणारे गॅस हीटर विकायची. हीटर बिघडला की लोक फोन करत, आणि त्यांची तक्रार आपोआप रेकॉर्ड होई. ती ऐकायची आणि माणूस किती तापलाय ते ठरवायचं. त्याला पारा म्हणत. पारा शून्य ते पारा पाच. पाचवाल्याला पंधरा मिनिटांत फोन जाई, कारण असा माणूस उद्या कंपनीची अब्रू चव्हाट्यावर मांडणार. तीनवाल्याला दुसऱ्या दिवशी. शून्यवाल्याला चौदा दिवसांत एक पत्र, संयमाबद्दल आभार मानणारं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही म्हणतात, कंपनीने तर ते लेखी नियमात घातलं होतं.

हा पारा मोजायचा तक्ता बाईंनी स्वतःच्या हाताने केला होता. एकशे बारा शब्द, पाच रकाने, भिंतीवर लावलेला. 'हेक' एकमध्ये, 'ब्लडी' तीनमध्ये, आणि पाचव्या रकान्यात पाहुण्यांसमोर वाचू नयेत असे. ते बाईंनी तोंड दुसरीकडे वळवून लिहिले होते म्हणे. आयुष्यात ज्यांनी मुलांना 'गाढवा'च्या पुढे शिवी दिली नाही त्यांचा हा तक्ता, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. का नसावा? सगळी खोली त्यावर चालायची.

त्या दिवशी मात्र बाईंचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. चपलेत खडा गेल्यासारखं काहीतरी खुपत होतं आणि खडा सापडत नव्हता. पाय टेबलाखाली सारखा हलत होता. दोनदा पाणी प्यायल्या, एकदा नको असताना तक्ता पुसला. त्यात साहेबांनी नवीन माणूस शिकवायला दिलेला. तो पन्नाशीचा, आधी तीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधत होता, म्हणून तिसऱ्याच दिवशी त्याचं नाव कंपाउंडर पडलं होतं.

"बाई, हा म्हणतोय 'फ्लिपिंग हीटर'. फ्लिप म्हणजे उलटणं ना? हीटर उलटा पडलाय का?"

"हीटर जागेवर आहे. माणूस उलटलाय. तो मोठा शब्द गिळून त्याने हा धाकटा काढलाय. पारा दोन."

"म्हणजे आपलं च्यायलासारखं. आई आहे पण दिसत नाही."

"अगदी तसंच."

कंपाउंडरने वहीत लिहून घेतलं. मग पुन्हा खुर्ची सरकली. "आणि हे 'फॉर क्राइंग आउट लाउड'? इथे मोठ्याने रडतंय कोण? मी तीनदा ऐकलं. कुणीच रडत नाही."

"कुणी रडत नाही हो. वैताग आहे तो नुसता."

"आणि 'सन ऑफ अ गन'? बंदुकीला पोरगं?"

"कंपाउंडर," बाई म्हणाल्या, "तुम्ही पुड्या बांधताना प्रत्येक औषधाला त्याचं कुळ विचारत होतात का?"

तो हसला. माणूस गोड होता, चिवटही होता. "शिव्या कळल्या, बाई. आता शून्य कसा असतो तेवढं ऐकवा. नुसता तापच बघतोय सकाळपासून, निरोगी माणूस कसा असतो तेही कळू दे."

निरोगी शून्य बाईंकडे तयार होता. सकाळी पहिलाच कॉल त्यांनी शून्य करून बंद केला होता, आणि करताना त्यांना बरंही वाटलं होतं. किती शुद्ध भाषा! एकही क्रियापद लंगडं नाही. कॉल परवाचा होता, म्हातारे गृहस्थ होते. बाईंनी तो दोघांच्या कानाला लावला.

गृहस्थ आधी त्रास देत असल्याबद्दल माफी मागत होते. मग म्हणाले, तातडीच्या नंबरवर मुद्दामच फोन केला नाही, तिथे खरी अडचण असलेले लोक फोन करत असतील. आमचं काही विशेष नाही. हीटरची ज्योत निळी असायची, ती हल्ली छानशी नारिंगी झाली आहे. भिंतीच्या कागदावर वर जरासा काळा डाग आला आहे. इथे ते थांबले, घसा खाकरला. मग म्हणाले, मी आणि पत्नी दोघंही 'अ टच अंडर द वेदर' आहोत, ती तर जरा जास्तच झोपते आहे, पण वयच झालं आमचं. तुमच्या सवडीने कुणी आलं तर बरं होईल. अजिबात घाई नाही.

"अंडर द वेदर," कंपाउंडर म्हणाला. "हवेच्या खाली?"

"बरं नाही असं म्हणायचंय त्यांना. आणि 'अ टच' म्हणजे चिमूटभर. मिठासारखं, चवीपुरतं." बाईंना रंग चढला होता. "बघा, हे लोक दुःखसुद्धा चिमटीने वाढतात."

कंपाउंडर हसला नाही. त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, भाषा राहू द्या. त्यांना होतंय काय ते सांगा मला. दोघांनाही एकाच वेळी बरं नाही. एकाच घरात. बायको झोपूनच असते. ज्योत नारिंगी, भिंत काळी. आमच्या दवाखान्यात एक कुटुंब आणलं होतं असं. बंद खोलीत शेगडी. अर्धवट जळण्यातून जो विषारी गॅस होतो त्याला वास नसतो, बाई. माणूस झोपतो तो झोपतोच."

बाईंचा पाय हलायचा थांबला. खडा सापडला होता.

त्यांना सासूबाई आठवल्या. सासूबाई म्हणजे शिव्यांचं विद्यापीठ. शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण दूधवाल्यापासून देवापर्यंत कुणाला सोडत नसत, आणि घरात आवाज असला की घर जागेवर आहे हे सगळ्यांना कळे. एके दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुला सवड असली तर जरा पाणी देतेस का गं?" बाई तेव्हा पेपर तपासत होत्या. सासूबाई किती गोड बोलल्या आज, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो गठ्ठा संपवून मग पाणी नेलं. तोवर उशीर झाला होता. ही गोष्ट बाईंनी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

त्या उठल्या त्या थेट साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि ग्राहकांना परत फोन करणाऱ्या विभागाला लगेच फोन लावला. तो विभाग दुसऱ्याच शहरात. पलीकडून एकच प्रश्न आला, पारा किती? साहेब म्हणाले शून्य. पलीकडून म्हणाले, मग चौदा दिवस, नाहीतर पारा वाढवून पाठवा. साहेबांनी वरच्यांना मेल टाकला. वरचे मीटिंगमध्ये होते.

"मग वाढवा ना पारा," बाई म्हणाल्या. "पाच करा."

"बाई, तुम्हाला फॉर्म माहीत आहे. पाच केला की खाली रकाना उघडतो. ग्राहकाने उच्चारलेला अपशब्द, आणि कितव्या सेकंदाला. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. या माणसाने एक तरी शब्द उच्चारलाय का?"

"नाही."

"मग?"

"त्यांचा नंबर द्या. मी बोलते."

"नंबराचे मलाही शेवटचे दोनच आकडे दिसतात." साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि खोटी नोंद केली तर त्याच दिवशी घरी. मागच्या वर्षी दोघं गेले, मलाच पत्रं द्यावी लागली. मेलला उत्तर येईल हो. तासाभरात येईल."

बाई जागेवर आल्या. मोबाइल दाराजवळच्या लॉकरमध्ये, खोलीतला फोन फक्त आतल्या आत चालणारा. कॉल परवाचा. परवापासून ती ज्योत नारिंगी जळत होती. तासाभरात येईल म्हणे! सासूबाईंच्या वेळी गठ्ठ्यात अकराच पेपर उरले होते.

त्यांनी बंद केलेला कॉल उघडला. बंद कॉल दिवसभरात एकदा उघडता येई, चूक दुरुस्त करायला. पारा शून्य होता तिथे पाच केला. खाली रकाना उघडला, लाल चौकटीचा. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. पाचव्या रकान्यातला सगळ्यांत वरचा शब्द, ज्याच्यापुढे बाकीचे शब्द पोरकट वाटावेत असा.  एक एक अक्षर शोधून त्यांनी तो लिहिला, जणू कळफलक आजच पहिल्यांदा पाहत होत्या. कितवा सेकंद? गृहस्थांनी घसा खाकरला होता तो. एक्केचाळीस. त्या खाकरण्यात बाईंनी ती शिवी भरली आणि फॉर्म पाठवला.

"बाई!" कंपाउंडर कुजबुजला. त्याने पडद्यावरचं वाचलं होतं.

"वहीत लिहू नका हे," बाई म्हणाल्या.

मग सुरू झालं वाट पाहणं. पाचवाल्याला परत फोन गेला की त्याचं रेकॉर्डिंग त्याच ऐकणाऱ्याकडे येई, गडी थंड झाला की नाही ते तपासायला. म्हणजे कळणार होतं. कधी, ते कळत नव्हतं. बाई पाणी प्यायला गेल्या आणि न पिता आल्या. दुसरा एक कॉल लावला, त्यातली ग्राहक तावातावाने काय बोलत होती त्यातलं अक्षर डोक्यात शिरेना. पुन्हा पाण्याकडे. वाटेत कुणीतरी विचारलं, "बाई, 'शूट' पारा एक ना?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." चार वर्षांत त्या खोलीने हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो माणूस हेडफोन काढून बघतच राहिला.

"बसा बाई," कंपाउंडर म्हणाला.

"बसलेच होते ना सकाळी. बसूनच केलं सगळं."

पन्नास मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंग आलं. बाईंनी एक हेडफोन आपल्या कानाला लावला, दुसरा कंपाउंडरला दिला.

घंटा वाजत होती. अकरा वेळा वाजली. मग गृहस्थांचा आवाज आला, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा. फोन करणारा तरुण होता. त्याच्यापुढे ठरलेला मजकूर होता, पाचवाल्यांशी बोलायचा, आणि तो त्याने वाचला. सर, परवाच्या फोनमध्ये आपण आमच्याशी जी भाषा वापरलीत तिची नोंद झाली आहे. आपली अडचण आम्ही समजू शकतो, पण अशी भाषा आम्ही सहन करत नाही.



"मी?" गृहस्थ म्हणाले. "अरे देवा. मी असं बोललो? मला फार लाज वाटते आहे. मी आयुष्यात कधी... पण तुम्ही म्हणता म्हणजे बोललो असेन. हल्ली मला आठवत नाही काही. कृपा करून त्या ऐकणाऱ्या व्यक्तीला सांगा, मी तिची क्षमा मागतो."

बाईंनी डोळे मिटले. कंपाउंडरने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तरुणाचा पुढचा प्रश्नही ठरलेलाच होता, आत्ता काय अडचण आहे, सर? गृहस्थ म्हणाले, अडचण अशी नाही, फक्त पत्नी आज उठत नाही आहे. इथे त्या पोराने हातातला कागद टाकला असावा, कारण त्याची भाषा एकदम बदलली. खिडकी उघडा. आत्ता. हीटर बंद करा. त्यांना ओढा, हाताला धरून ओढा, बाहेर! गृहस्थ म्हणाले, "एक क्षण, तुमची हरकत नसेल तर." फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची पडली. काच वाजली. मग काहीच नाही. पोरगा मधूनमधून "सर? सर?" म्हणत होता, आणि मागे दुसऱ्या फोनवर कुणीतरी रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होतं. चार मिनिटं वीस सेकंद. 

मग लांबून, उघड्या हवेतून, एका म्हातारीचा आवाज आला. आधी खोकला. मग कापरा, पण चढत जाणारा आवाज. एका पायात सपात नसताना, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, ओल्या गवतावर मला कशाला आणून टाकलंस, असं ती विचारत होती, आणि हे विचारताना ती नवऱ्याला जे जे म्हणाली त्यात बाईंच्या तक्त्याचा पाचवा रकाना जवळजवळ पुरा झाला. वर दोन शब्द असे होते की ते तक्त्यात नव्हतेच.

कंपाउंडरच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो हसत होता की रडत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. "उठली!" तो म्हणाला. "बाई, म्हातारी उठली! काय तोंड आहे, च्यायला!"

बाईंनी हेडफोन काढला. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. 

"आणि बाई, तुम्हीही सुटलात," कंपाउंडर खुर्ची जवळ ओढत म्हणाला. दवाखान्यातला माणूस, हिशोब झटकन जुळवला त्याने. "या कॉलमध्ये शिवी आहे. खरीखुरी. ही नोंद करा पाच. दोन्ही कॉल एकाच घरचे. पुढे कुणी तपासलं तर म्हणायचं, नोंद करताना इकडची तिकडे झाली. आवाज कुणाचा हे कोण ऐकत बसतंय? साहेबसुद्धा मान डोलावतील."

खरंच होतं ते. साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांना कळलं होतं सगळं, आणि ते काही विचारत नव्हते. सुटायला वाट देत होते.

बाईंनी परवाचा तो कॉल पडद्यावर आणला. एक्केचाळिसाव्या सेकंदापुढे तो शब्द लिहिलेला होता, आणि त्याच्यापुढे त्या गृहस्थांचं नाव. आठवड्याभरात त्यांच्या घरी कंपनीचं समज देणारं पत्र जाणार होतं. पाचवाल्यांना जातंच. बायको दवाखान्यातून घरी आलेली असेल, आणि ते दाराशी उभं राहून वाचतील की आपण असं बोललो होतो. आणि मानतील. त्यांनी आत्ताच मानलं होतं. आपल्या डोक्याचा भरवसा राहिला नाही असं धरून चालतील, मरेपर्यंत, एका खाकरण्यापायी.

"बाई, कशाला?" कंपाउंडर म्हणाला. "माणसं वाचली ना?"

"वाचली," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

दुसऱ्यांदा कॉल उघडायला साहेबांची परवानगी लागे. बाईंनी दाराकडे पाहिलं.  साहेब आत गेले, आणि पडद्यावर कुलूप उघडल्याची खूण आली. फॉर्मने दुरुस्तीचं कारण मागितलं. बाईंनी इंग्रजीत लिहिलं. हा शब्द ग्राहकाने उच्चारलेला नाही. तो माझा आहे. त्यांनी क्षमा मागण्याचं काहीही कारण नाही, हे त्यांना कृपया आजच फोन करून कळवावं. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं फळ्यावर लिहिली होती आणि चार वर्षं दुसऱ्यांचे शब्द रकान्यांत बसवले होते. इंग्रजीत स्वतःच्या मनातलं असं हे त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं. त्यांनी ते पाठवलं, कंपाउंडरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लॉकरमधली पिशवी घ्यायला उठल्या.